रोह्याची यादी

हसुरामकाकांच्या घराची पुढची भिंत वाचल्याशिवाय आमच्या आळीतून कुणी पुढं गेलेलं त्यांना चालत नाही. गेलातच, तर ओटीवरून हाक येते, "वाचलंस का?" मग पाहुणा असो की पोस्टमन, मुकाट मागं येतो आणि वाचतो. एका लग्नात तर नवरदेवाची घोडी थांबवून त्याला वाचायला लावलं होतं. बँडवाले तेवढा वेळ गप्प उभे.

भिंतीवर वीतभर मोठ्या पिवळ्या अक्षरांत लिहिलंय, 'या घराला सेंद्रिय शेतीसाठी सरकारकडून मिळाले ते असे.' खाली गांडूळखताचा खड्डा एक, ड्रम दोन, फवारणीचा पंप एक, बियाणं, आणि प्रत्येकासमोर रक्कम. सगळ्यात खाली, 'बघायचे असल्यास मागच्या दारी यावे. चहा मिळेल.'

चहा खरंच मिळतो. पण आधी गांडुळं बघावी लागतात. काका खड्ड्यावरचं गोणपाट हलकेच उचलतात, बाळंतिणीच्या खोलीत बोलावं तशा आवाजात "बघ, कशी हायत" म्हणतात, आणि परत पांघरूण घालतात. हात धुवायच्या आत कपबशी तुमच्या हातात.

रंग पिवळा का, तर काका जन्मभर पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला होते. पीतांबर रंगवणं त्यांच्याकडं. कारखाना सोडताना शेठनं अर्धा डबा पिवळा दिला, तो या कामी आला. अक्षर मात्र असं सुरेख की ग्रामपंचायतीचा बोर्ड त्याच्यापुढं लाजावा. तसाही तो बोर्ड कुणाला दिसत नाही. त्याला काचेचं दार आहे, दाराला कुलूप आहे, आणि किल्ली कुणाकडं आहे यावर गावात चार मतं आहेत.

मी रंजना. कासू स्टेशनच्या रस्त्याला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म भरणं, सातबारा काढणं, लाइटबिल भरणं, सगळं करते. नवरा कंपनीत शिफ्टला, म्हणून दुकान मी बघते. आमच्या गावच्या सेंद्रिय शेतीच्या गटाची सचिवही मीच. शेतीतलं मला फार कळतं म्हणून नव्हे, तर वीसजणांत कॉम्प्युटर चालवणारी मी एकटी म्हणून.

आता सेंद्रिय म्हणाल तर आम्ही आधीपासूनच होतो. आमच्याकडं भात कापलं की त्याच ओलीवर वाल टाकायचा. त्या वालाला सात पिढ्यांत कुणी खत दाखवलेलं नाही. खाडीकडच्या शेतांत युरिया टाकून उपयोग नाही, एकदा बांध फुटून खारं पाणी शिरलं की सगळे सारखे. पण याचे पैसे मिळतात हे योजना आल्यावर कळलं. वीसजणांचा गट करायचा, दारात खड्डा खणायचा, खड्ड्याशेजारी उभं राहून फोटो काढायचा, आणि तो साईटवर चढवायचा. की अनुदान खात्यात. साईटवर गावोगावची यादी असते. नाव, रक्कम, फोटो, सगळं उघडं. कुणीही बघावं अशी सोय आहे, आणि म्हणूनच कुणी बघत नाही.

हसुरामकाका बघायचे. महिन्याच्या महिन्याला दुकानात यायचे, बाकड्यावर बसायचे, आणि म्हणायचे, "पेणची काढ." आमच्या गावची नव्हे, अख्ख्या तालुक्याची. मी कागद काढून द्यायची, ते तिथंच बसून मोठ्यानं वाचायचे. गिऱ्हाइकं कंटाळायची. कुणी बाई हळू आवाजात मला खात्यातली शिल्लक विचारत असली तर बाकड्यावरून आवाज यायचा, "मोठ्यानं बोल गो, चोरी नाय केलीस." बाई लाजून निघून जायची. माझं अर्धं गिऱ्हाईक त्यांनी असं पळवलं. दोनदा मी त्यांना दुकानात यायचं नाही म्हणून बजावलं, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी हजर. कोडग्यासारखे बसायचे. पण पैसे रोख द्यायचे, उधारी कधी नाही, हे सांगायला हवं.

हा आवाज त्यांना आला कुठून, तर मारुतीच्या भंडाऱ्यातून. आमच्याकडं हनुमान जयंतीला वर्गणीदारांची नावं स्पीकरवर वाचतात. अकरा रुपयेवाल्यापासून अकराशेवाल्यापर्यंत सगळी. वाचायचं काम वर्षानुवर्षं काकांकडं. त्यांचा एक ठरलेला सूर होता. श्रीयुत अमुक, रुपये एकशे एक, मंडळ त्यांचे आभारी आहे. श्रीयुत तमुक, रुपये एकावन्न, मंडळ त्यांचे आभारी आहे. स्पीकरचं तोंड खाडीकडं, त्यामुळं पलीकडच्या पाड्यापर्यंत कुणी किती दिले ते कळायचं. कमी दिलेला माणूस पुढच्या वर्षी वाढवून द्यायचा. देवळाचा पत्रा असाच झाला.

योजनेची पहिली यादी लागली तेव्हा काकांनी मला साधा प्रश्न विचारला. अकरा रुपये दिले तर नाव स्पीकरवर, आणि हजारांनी घेतले तर कानात कुजबूज, हा कंचा न्याय? मला उत्तर आलं नाही. यायला हवं होतं. कारण त्या वर्षी भंडाऱ्याला वर्गणी वाचून झाल्यावर काकांनी खिशातून दुसरा कागद काढला, मीच काढून दिलेला, आणि माईक न सोडता वाचायला सुरुवात केली. श्रीयुत बबन, गांडूळखताचा खड्डा व ड्रम, रुपये इतके इतके. आणि जिभेला वळण पडलेलं, त्यामुळं प्रत्येक नावापुढं, मंडळ त्यांचे आभारी आहे.

समोर बसलेल्यांना कळलं. पलीकडच्या पाड्याला कसं कळावं? त्यांना वाटलं, या गावाला यंदा काय झालंय, मारुतीला हजारांनी देतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या देवीच्या जीर्णोद्धाराची माणसं पावतीपुस्तक घेऊन बबनच्या दारात. तुम्ही मारुतीला एवढे दिलेत, देवीनं काय घोडं मारलंय? बबन म्हणाला, मी दिले नाहीत, मला मिळाले. कशाचे? खड्ड्याचे. मग पाहुण्यांनी सहज विचारलं, बघू तरी कसा असतो. आणि बबनच्या परसात खड्डा कुठला असायला? त्या पैशाचा फ्रिज आला होता. पाहुणे फ्रिजचं थंड पाणी पिऊन गेले.

गाव पोट धरून हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू. बबननं आठ दिवसांत खड्डा खणला, गांडुळं आणली, आणि काकांशी बोलणं टाकलं. इतर दोघा-तिघांनीही गुपचूप खड्डे खणले, त्यांची नावं मी सांगत नाही, सचिव आहे मी. बबनच्या दोन पोरांना मात्र शाळेत महिनाभर 'मंडळ आभारी आहे' म्हणून चिडवत होते, ते मला फार उशिरा कळलं.

काका एकटे राहतात. बायको गेली तेव्हा मुलगी तिसरीत होती. सुरेखा तिचं नाव. त्यानंतर तिला त्यांनीच वाढवलं, डबे करून दिले, वेण्या घातल्या. वेण्या म्हणे गणपतीच्या सोंडेसारख्या एका बाजूला वळायच्या. तिचं लग्न रोह्याकडच्या एका गावात झालं. जावई महेश, स्वभावानं वाईट नाही, टेम्पो चालवतो. दर मंगळवारी काका कासूहून रोह्याची गाडी पकडायचे. पिशवीत वाल, सोडे, कधी परसातलं पडवळ. पोरीच्या हातचं जेवायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. मंगळवारी दुकानात शांतता असायची, म्हणून वाराची मला आठवण.

तर एका सोमवारी त्यांनी नेहमीसारखी पेणची यादी घेतली आणि जाता जाता म्हणाले, "रोह्याची पण काढ गो. सुरीच्या गावात पण गट झालाय. जावईच पुढारी हाय."

मी साईट उघडली. सुरेखाचं नाव नवव्या नंबरला. पुढं खड्डा, ड्रम, पंप, आमच्यासारखंच सगळं. काकांचा चेहरा असा फुलला की मला वाटलं आता दुकानात पेढे वाटणार. फोटो दाखव म्हणाले. दाखवला. सुरेखा डोक्यावर पदर घेऊन खड्ड्याशेजारी उभी. काका खड्डाच बघत राहिले. सावलीत घेतलाय, बरोबर. कडा विटेच्या, शाबास. खोली जरा कमी वाटते, मंगळवारी सांगतो.

मी आपली सहज पुढचा फोटो उघडला. काका बोलले, तोच परत लावलास. मी म्हटलं, नाही काका, ही दुसरी बाई. खड्डा तोच, विटा त्याच, मागं दोरीवर वाळत घातलेला निळा टॉवेलसुद्धा तोच. तिसरा फोटो, म्हातारा, तोच टॉवेल. चौथा, पाचवा. माणसं वीस आणि खड्डा एक. टॉवेल वाळायच्या आत सगळ्या गटाचे फोटो उरकले होते. दुसऱ्या कुणाच्या गावचं असतं तर मी हसून लोळले असते.

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग म्हणाले, बंद कर. मी बंद केलं. पैसे देऊन गेले. यादी बाकड्यावरच राहिली.

मंगळवारी रोह्याला काय झालं ते त्यांनी मला पुढं कधीतरी सांगितलं. खड्डा महेशच्या चुलत्याच्या परसात होता. सुरेखाच्या दारात काही नव्हतं. काकांनी तिला विचारलं, तुझा खड्डा कुठाय? तिला नवऱ्यानं उभी राहा म्हटलं, ती उभी राहिली. पैसे तिच्या खात्यात आले आणि टेम्पोच्या दुरुस्तीला गेले. वीस घरांत थोडंफार असंच. कुणी छपराला लावले, कुणी दवाखान्यात घातले. वाईटपणा म्हणून कुणी केलं नव्हतं, पहिल्यानं केलं म्हणून बाकीच्यांनी केलं. काका जेवले नाहीत. निघताना सुरेखा आळीच्या टोकापर्यंत आली आणि तिनं एवढंच विचारलं, "बाबा, तुम्ही हे वाचणार नाय ना?"

काकांनी रिकामी पिशवी काखेत मारली. गाडीची वेळ झाली होती.

त्यानंतर दोन महिने ते दुकानात यादी मागायला आले नाहीत. यायचे, बाकड्यावर बसायचे, रस्त्याकडं बघायचे. बायका माझ्याशी हळू बोलायच्या आणि बाकड्यावरून काही आवाज यायचा नाही. मला आधी सुख वाटलं. मग करमेना. मी मुद्दामच एकदा कुणाची तरी शिल्लक कुजबुजत सांगितली, तरी हे गप्प. माणूस आजारी पडल्यावर अंगणातलं कुत्रं भुंकायचं बंद होतं, तसं काहीतरी झालं होतं. गावानंही ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय.

आणि एक दिवस बबन दुकानात आला. रोह्याची यादी काढ, म्हणाला, फोटोंसकट. त्याच्या कानावर कुठून आलं देव जाणे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं थोडंच राहतं? मी म्हटलं, मशीन बिघडलंय. तो म्हणाला, मघाशी तर चालत होतं. मी म्हटलं, दुसऱ्या तालुक्याची यादी तुला कशाला? तेव्हा तो हसला, आणि मागं त्याची यादी काढून दिली म्हणून तो माझ्याशी भांडायला आला होता तेव्हा मीच त्याला काय सुनावलं होतं, ते शब्द न शब्द त्यानं मला ऐकवलं. साईट सरकारची आहे, यादी सगळ्यांची आहे, मी कोण अडवणारी?

काढून दिली. माझा इलाज नव्हता, आणि खरं सांगू, त्याचं चूकही नव्हतं. रविवारी ग्रामसभेत वाचतो म्हणाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हाताऱ्याला, जरा मुसळही दाखवू.

मी दुकान बंद करून तशीच काकांकडं गेले. ते ओटीवर वाल निवडत बसले होते. सगळं सांगितलं. माझंच चुकलं, म्हटलं, शिव्या द्या हव्या तर. त्यांनी एक किडका दाणा बाजूला टाकला आणि विचारलं, बबननं किती कॉप्या काढल्या? एक, म्हटलं. "मग मला पण एक दे," म्हणाले. "त्याच्याकडची मागायला बरं दिसायचं नाय."

रविवारी ग्रामसभेला एरवी पंधरा टाळकी असतात, त्या दिवशी समाजमंदिर भरलं होतं. बबन कागद घेऊन उठला. काकाही उठले, आणि म्हणाले, तू बस, मला सवय आहे. बबनला काय सुचलं कोण जाणे, त्यानं माईक दिला.

काकांनी वाचलं. पहिल्या नावापासून, तोच भंडाऱ्याचा खणखणीत आवाज, फक्त आभार नव्हते. मी मनात मोजत होते. सातवं नाव, आठवं नाव. मला वाटत होतं, नववं गाळा हो, कोण बघतंय, नाहीतर खोकला तरी काढा. त्यांनी नाव वाचलं, नवऱ्याचं नाव वाचलं, गाव वाचलं, रक्कम वाचली. मग कागदावरून नजर काढून म्हणाले, "ही माझी मुलगी. हिच्या दारात खड्डा नाय. मी बघून आलो." आणि दहावं नाव वाचायला लागले.

वीस नावं झाली तरी कुणी हसलं नाही. काका बबनकडं वळले. "बबन, तुझं वाचलं तेव्हा तुझी पोरं समोर बसली होती," ते म्हणाले. "माझ्या तेव्हा ध्यानात आलं नाय. माफ कर." बबननं पुढं होऊन काकांच्या हातातला माईक घेतला आणि त्यांना खुर्ची दिली.

तिथं थांबायचं होतं. गावापुढं झालं, प्रायश्चित्त झालं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका दुकानात. रोह्याच्या कचेरीला अर्ज टाइप कर म्हणाले. मी भडकले. म्हटलं, काका, लेकीचा संसार आहे तो. जावई तुम्हाला दारात उभं करणार नाही. म्हातारपणी एक पोर आहे, तिलाही तोडून बसणार काय? कोण हार घालणार आहे तुम्हाला? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हळूच निघून गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पेणची वीस वाचायची आणि रोह्याची पोटात ठेवायची, तर ती भिंत मी पुसून टाकायला हवी. पुसू काय, सांग."

मी टाइप केला. रागारागानं केला, चार चुका झाल्या, परत केला. अर्जात त्यांनी एक ओळ आपल्या मनानं घालायला लावली. गटातील सर्वांना खड्डे खणण्यास मुदत द्यावी, माणसे वाईट नाहीत.

मुदत मिळाली. साहेब आले, बघून गेले, आणि ठरल्या दिवसापर्यंत प्रत्येकाच्या दारात प्रत्येकाचा खड्डा, नाहीतर पैसे परत, असं सांगून गेले. वीस घरांत खणाखणी सुरू झाली, आणि वीस घरांतून महेशला बोल. तुझ्या सासऱ्यानं केलं. भरल्या गावात महेशची मान खाली गेली. त्यानं काकांना एकदाच फोन केला आणि सांगितलं की पुन्हा दारात यायचं नाही. सुरेखाचा फोन त्या दिवसापासून लागेना. गौरीला सगळ्यांच्या लेकी आल्या, काकांच्या ओटीवर कुणी चढलं नाही. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, ठेव, जेवतो. संध्याकाळी ताट तसंच होतं.

मंगळवारचं रोह्याला जाणं आता बंद झालं असेल असं मला वाटायचं. पण दुकानात मंगळवारी ते नसायचेच. एकदा माझा नवरा कामानं रोह्याला गेला होता, तो घरी आल्यावर म्हणाला, काका दिसले, रोहा स्टेशनच्या बाकड्यावर, मांडीवर पिशवी. दुपारी जाताना दिसले आणि संध्याकाळी परतताना तिथंच. मी दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. ते म्हणाले, गाडीत बसलं की बरं वाटतं. मग पिशवीतले वाल कुणाला देता? स्टेशनबाहेर भाजीवाल्या बसतात, म्हणाले, त्यातल्या एकीचं गाव सुरीच्या गावाच्या पलीकडं आहे. ती सुरीला ओळखते का? नाही ओळखत. पण त्याच वाटेनं जाते.

एवढ्या वर्षांत मला या माणसाचा राग आला होता, हसू आलं होतं, वीट आला होता. त्या दिवशी मी चहा मागवला आणि आम्ही दोघं बाकड्यावर बसून प्यायलो.

दिवाळीनंतर एका दुपारी ते आले आणि पेणची यादी मागितली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच. मी काढून दिली. त्यांनी पैसे ठेवले, कागदाची घडी केली, वाचला नाही, आणि उठलेही नाहीत. रोह्याचं नाव त्यांच्या तोंडून निघत नव्हतं. मी काही न विचारता साईट उघडली. रोह्याच्या गटाचे फोटो बदलले होते.

वीस माणसं आणि आता खड्डेही वीस. एक गोठ्यामागं, एक केळीखाली, एक इतका चिमुकला की त्यात कोंबडीही बसायची नाही. मी बोलत होते, हा बघा काका, हा बघा, आणि काका नुसते हं हं करत होते. मग नववा आला.

सुरेखा पदर खोचून उन्हात उभी होती. पायाशी खड्डा, आमच्याकडच्या कुणापेक्षाही नीट, कडांना विटा, वर मांडव. फावडं मांडवाला टेकवलेलं. दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरलेली, ओंजळीत काळी माती आणि तीन-चार गांडुळं. असला फोटो कुणी मागत नाही, साहेबांना नुसता खड्डा लागतो. पण ती ओंजळ तिनं अशी पुढं केली होती की बघणाऱ्याला दिसलीच पाहिजे. खाली मातीवर फोटो काढणाऱ्याची सावली पडली होती, पुरुषाची. महेशच असणार, दुसरं कोण?

ही यादी आपला बाप वाचल्याशिवाय राहायचा नाही, एवढं तिला ठाऊक होतं. मला घळाघळा रडू आलं. मी पदरानं डोळे पुसले आणि म्हटलं, काका, खड्डा बघा, खड्डा बघा किती छान खणलाय पोरीनं. कडा विटेच्या आहेत, मांडव घातलाय.

काका बाकड्यावरून पुढं वाकले होते. नाक स्क्रीनला लागायचं बाकी होतं.

"पोर बारीक झाली गो," ते म्हणाले.

मी म्हटलं, उन्हातला फोटो आहे काका, तसं वाटतं. ते म्हणाले, "नाय. बारीक झाली." मग कुणी ऐकत तर नाही ना म्हणून त्यांनी दाराकडं बघितलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हिचा फोटो निघल काय?"

निघेल की, म्हटलं, आणि अख्खं पानच छापायला घेतलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "रक्कम नको. खड्डा पण नको. नुसती पोर काढ."

मी फोटो कापला. पदर नाही, ओंजळ नाही, काही नाही, नुसता चेहरा. माझ्याकडं चांगला कागद पासपोर्टच्या फोटोंचाच होता, त्यावर एका वेळी आठ निघतात. आठ सुरेखा बाहेर आल्या, चार वर, चार खाली, सगळ्या उन्हानं डोळे बारीक केलेल्या. मी कात्री घेतली.

"कापू नको गो," काका म्हणाले. "असूदे सगळ्या."